कण किती बारीक असावा

या उन्हाळ्यात आम्ही तीन महिने पुण्याला लेकीकडे होतो. निघायच्या आदल्या रात्री इंदूरात वादळी पाऊस झाला, वीज बराच वेळ गेली, इन्व्हर्टरची बॅटरी अर्ध्याहून अधिक उतरली, आणि सकाळी गाडी गाठायच्या गडबडीत मी मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून घराला कुलूप लावले. परतल्यावर बॅटरी काही केल्या चार्ज होईना. मेकॅनिकने तिची सहाही बुचे उघडली, हायड्रोमीटर बुडवून पाहिला, टॉर्चच्या उजेडात प्लेटांवर जमलेला पांढुरका थर मला दाखवला आणि म्हणाला, "आंटीजी, सल्फेट जम गया है, अब ये चार्ज नहीं पकड़ेगी."

मी रसायनशास्त्र शिकवते आणि माझे पीएच.डी.चे सगळे काम बॅटरीच्या इलेक्ट्रोडवरचे, म्हणजे तिच्या आतल्या प्लेटांवरचे आहे, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या पांढऱ्या थराने मात्र मला पुन्हा त्याच प्रश्नापाशी आणून सोडले, ज्यावर मी बारा-तेरा वर्षांपूर्वी उमेदीची वर्षे घालवली होती: इलेक्ट्रोडमधल्या पदार्थाचा कण किती बारीक असावा?

शिशाची बॅटरी वापरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. हा बिघाड नव्हे, तिचे काम याच मार्गाने चालते. ताजे सल्फेट फार बारीक स्फटिकांच्या रूपात असते. चार्जिंगच्या वेळी ते आम्लात थोडेथोडे विरघळत जाऊन एका प्लेटवर शिसे आणि दुसरीवर लेड डायऑक्साइड होऊन परत बसते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की लहान स्फटिक विरघळून नाहीसे होतात आणि त्यांचे द्रव्य मोठ्या स्फटिकांवर जाऊन चढते, जसा बरणीत ठेवलेला मध हळूहळू दाणेदार होत जातो. लेड सल्फेटातून वीज वाहत नाही आणि मोठा स्फटिक सहजी विरघळत नाही. सूत्र तेच, वजन तेच, फक्त दाणा मोठा झाला आणि बॅटरी गेली. गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये पहिली शिशाची बॅटरी केली, तेव्हा त्याला शिशाचे गुळगुळीत पत्रे पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून त्यांचा पृष्ठभाग सच्छिद्र करावा लागे, आणि त्याला फार वेळ जाई. १८८१ मध्ये कामील फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा जाळीत भरण्याची युक्ती काढली आणि हा वेळ वाचला. म्हणजे बारीक, स्पंजासारखी सच्छिद्र रचना हा या विद्येचा अगदी पहिला धडा आहे. "नॅनो" हे नाव पुष्कळ नंतर आले.

हे इंदूरच्या माणसाला समजावून सांगायला रविवारची पोह्यांची बशी पुरते. पोह्यांवर बारीक शेव घातली, तर लिंबू पिळून होईपर्यंत ती ओली होऊन मऊ पडते. तीच जाड लौंग शेव घातली, तर शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहते. बेसन तेच, तेल तेच, कढईही तीच. बारीक शेवेत ओलाव्याला पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत जायला अंतरच फार थोडे असते. पण पावसाळ्यात पुडा उघडा राहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक शेव पार सादळलेली असते आणि जाडी अजून खाण्याजोगी असते. पटकन भिजणे आणि पटकन सादळणे हा एकच गुण आहे. बशीत तो हवासा वाटतो आणि डब्यात नकोसा. माझ्या प्रबंधातली दोनशे पाने मी सोडून द्यायला तयार आहे, पण हे उदाहरण नाही.

आकडेही पाहू. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. घन पदार्थाच्या आत आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, विसरणाने (डिफ्यूजनने) सरकतो आणि त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कणाचा आकार १० मायक्रोमीटरवरून १०० नॅनोमीटरवर आणला, तर अंतर शंभरपट कमी होते, पण वेळ दहा हजारपट कमी होतो; जिथे पावणेतीन तास लागले असते, तिथे एक सेकंद पुरतो. याची दुसरी बाजू पृष्ठभागाची. लिथियम आयर्न फॉस्फेट या इलेक्ट्रोडच्या पदार्थाची घनता सुमारे ३.६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरून १०० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांचा हिशोब केला, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग जवळजवळ १७ चौरस मीटर भरतो. चिमूटभर काळी पूड, आणि तिचे अंग आमच्या रामबागेतल्या जुन्या घराच्या माजघराएवढे. त्या माजघराच्या प्रत्येक इंचावर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतला द्रव, भिडलेला असतो आणि काही ना काही घडत असते.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा करते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनाच्या प्रयोगात ते चालते. बॅटरीत मात्र, वापराच्या वेळी, ॲनोड हे ऋण टोक असते, आणि मग "ऋण टोकाचे धनाग्र" अशी भाषा ऐकून विद्यार्थी माझ्याकडे संशयाने पाहू लागतात. म्हणून मी इथे धन बाजू आणि ऋण बाजू एवढेच म्हणते.

लिथियम आयन बॅटरीचा इतिहास आता बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा तो थोडक्यात. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७६ मध्ये टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियम घालून काढून दाखवले, जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण बाजूला कार्बन वापरून सुरक्षित घट (सेल) बनवला आणि १९९१ मध्ये सोनीने ती बॅटरी बाजारात आणली. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा ९७ वर्षांच्या असलेल्या गुडइनफ यांच्या वतीने नोबेल व्याख्यान दिले ते अरुमुगम मंथिराम यांनी, जे शिकले आपल्याच मद्रासेत.

माझा जीव मात्र कोबाल्टपेक्षा लोखंडावर अधिक. १९९७ मध्ये पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसते लोह फॉस्फेट) धन बाजूसाठी सुचवले. लोखंड आणि फॉस्फेट दोन्ही स्वस्त. फॉस्फेटातला ऑक्सिजन फॉस्फरसने घट्ट धरून ठेवलेला, त्यामुळे तापल्यावरही तो सहजी सुटून आगीला मदत करत नाही. विभव लिथियमच्या तुलनेत सुमारे ३.४५ व्होल्ट आणि सैद्धांतिक क्षमता १७० मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम. एवढे गुण असून सुरुवातीच्या नमुन्यांतून अगदी सावकाश चालवूनही निम्म्याहून थोडेच अधिक लिथियम बाहेर निघत होते. कारण हा पदार्थ विजेचा फार वाईट वाहक आहे, आणि त्याच्या स्फटिकात लिथियमला चालायला वाटा आहेत त्या फक्त एकाच दिशेने, एकमेकींना न मिळणाऱ्या, बोळांसारख्या. बोळात मध्येच लोखंडाचा एखादा अणू लिथियमच्या जागी बसला, की अलीकडचे लिथियम अलीकडच्या तोंडाने निघते, पलीकडचे पलीकडच्या तोंडाने, पण दोन ठिकाणी अडथळा आला तर मधले सगळे अडकून पडते. बोळ जितका लांब, तितकी दोन अडथळे येण्याची शक्यता अधिक. कण बारीक केल्याचा इथला फायदा म्हणूनच दुहेरी आहे: वाट आखूड होते आणि ती बंद होण्याचा संभवही कमी होतो.

विजेच्या वाहकतेचा प्रश्न सुटला तो साखरेने. पूड तयार करतानाच तिच्यात साखर किंवा ग्लुकोज मिसळायचे आणि आर्गॉन किंवा नायट्रोजनच्या प्रवाहात ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवायचे. साखर जळून कोळसा होते, त्या कोळशाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर प्रत्येक कणावर बसतो, इलेक्ट्रॉनला वाट मिळते, लोखंडाचे अनावश्यक ऑक्सिडीकरण टळते आणि भट्टीतल्या उष्णतेने कण एकमेकांना चिकटून मोठे होण्यालाही आळा बसतो. एका पदार्थाने इतकी कामे केल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. आमच्या नळीच्या भट्टीतून बाहेर पडणारा वायू पाण्यातून बुडबुड्यांनी जाई आणि त्या खोलीला काकवी करपल्यासारखा वास येई, घरी गेल्यावर सासूबाई विचारत, "आज कॉलेजात काय जाळलंत?"

आता माझी फजिती. पहिली मोठ्या दाण्याची पूड वापरून इलेक्ट्रोड चांगले झाले होते. ऐंशी भाग पूड, दहा भाग काजळीसारखा कार्बन आणि दहा भाग चिकटवणारा पॉलिमर, अशी आमची नेहमीची वाटणी होती. ॲगेटच्या खलात घोटून, द्रावक घालून, इडलीच्या पिठाइतके दाट करायचे आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पट्टीने एकसारखे पसरायचे. नवी, शंभरएक नॅनोमीटरची पूड आली तेव्हा मी त्याच प्रमाणात सगळे घेतले. लगदा इतका घट्ट झाला की पट्टी पुढे सरकेना. मी द्रावक वाढवले, पसरले, रात्रभर निर्वात भट्टीत १२० अंशांवर वाळवले आणि सकाळी दार उघडले, तर सबंध थराला उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडलेल्या. छिन्नीने गोल चकती कापायला गेले, तर काळे पोपडे सुटून खाली पडले आणि हातात चकचकीत फॉइल उरली. आमच्या सरांनी ते पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "अगं, पीठ बारीक दळलं की पाणी जास्त पितं. तुझ्या आईला विचारलं असतंस तरी कळलं असतं." सतरा चौरस मीटर अंग असलेल्या पुडीला ओले करायला द्रावक जास्त लागते, बांधून ठेवायला चिकटवणाराही जास्त लागतो, द्रावक जास्त म्हणजे वाळताना आकुंचन जास्त, आणि आकुंचन जास्त म्हणजे भेगा. चिकटवणारा वाढवला, तर वीज साठवणाऱ्या पदार्थाचा वाटा कमी होतो. शोधनिबंधात क्षमता "प्रति ग्रॅम सक्रिय पदार्थ" छापतात, तेव्हा हा सगळा डोलारा वजनात धरलेलाच नसतो. त्या दिवसापासून मी कोणत्याही नॅनो इलेक्ट्रोडचा आकडा वाचताना आधी थर किती जाडीचा होता ते शोधते.

दुसरी अडचण जागेची. नॅनो पूड पिंजलेल्या कापसासारखी फुगून बसते आणि बॅटरीला हवी असते गासडी. मोटारीत किंवा फोनमध्ये वजनाइतकीच जागाही मोलाची असते. कारखान्यांनी यावर काढलेला तोडगा हलवायाच्या दुकानात आधीपासून आहे: बुंदी बारीक पाडायची आणि तिचा लाडू वळायचा. शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या कणांचे काही मायक्रोमीटरचे गोळे करतात. आयनाला आत बुंदीएवढेच अंतर चालावे लागते, आणि यंत्राला हाताळायला लाडू मिळतो. गोळ्यातल्या फटींमध्ये इलेक्ट्रोलाइट शिरला पाहिजे, म्हणून लाडू फार दाबून वळूनही चालत नाही.

ज्या कामासाठी मी इंदूरची विशेष ऋणी आहे, ते राजेंद्रनगरापलीकडच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातले. तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये १७२.५ मीटर परिघाच्या वलयात २.५ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना क्ष-किरण बाहेर टाकतात. लोखंडाचा अणू सुमारे ७११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून क्ष-किरण जोराने शोषू लागतो. बॅटरी चार्ज होताना लोखंड द्विभारितावरून त्रिभारित होते, आणि ही शोषणाची कड थोडी वरच्या ऊर्जेकडे सरकते. रात्रपाळीत, पडद्यावर ती कड वाटाण्याएवढीही न वाटणारी जागा सोडून उजवीकडे गेलेली मी पाहिली, तेव्हा ज्याला आपण इतकी वर्षे समीकरणात "इलेक्ट्रॉन गेला" असे लिहीत आलो तो खरोखरच गेल्याचे पहिल्यांदा मनाला पटले.

ही कड सगळ्या कणांची सरासरी सांगते. अर्धी चार्ज झालेली बॅटरी म्हणजे प्रत्येक कण अर्धा रिकामा, असे आपण समजतो. लोह फॉस्फेटात बहुधा तसे नसते. सावकाश चार्ज करताना बरेचसे कण एकतर पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे सापडतात. राजवाड्यावरून सुटणारी शेअरची मॅजिक गाडी जशी भरल्याशिवाय हलत नाही, एक सुटली की मग दुसरी भरू लागते, तसा हा प्रकार. अतिशय बारीक कणांत आणि वेगाने चार्ज करताना ही शिस्त मोडते आणि अर्धेमुर्धे भरलेले कणही दिसतात. कण लहान केल्याने केवळ वेग वाढत नाही, पदार्थाची वागणूकच थोडी बदलते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते.

मग सगळेच इलेक्ट्रोड नॅनो का करत नाहीत? उत्तर सादळण्यात आहे. नेहमीचा इलेक्ट्रोलाइट लिथियमच्या तुलनेत साधारण एक व्होल्टाच्या खाली टिकत नाही. ऋण बाजूच्या पृष्ठभागावर त्याचे विघटन होऊन एक पापुद्रा बसतो आणि त्यात काही लिथियम कायमचे खर्ची पडते. ग्रॅफाइट हे शून्याच्या अगदी जवळच्या विभवावर काम करते, म्हणून त्याचे कण मुद्दाम १०-२० मायक्रोमीटरचे ठेवतात. अंग कमी, पापुद्रा कमी, नुकसान कमी. लिथियम टायटनेट मात्र १.५५ व्होल्टवर काम करते, त्या उंचीवर हा त्रास फारसा नाही, शिवाय लिथियम आत-बाहेर होताना त्याचे आकारमान ०.२ टक्क्यांहूनही कमी बदलते. त्याला कितीही बारीक करा, तक्रार नाही. वेगाने चार्ज होणाऱ्या, हजारो फेऱ्या टिकणाऱ्या बॅटऱ्या त्यातून निघाल्या. किंमत मोजावी लागते ती व्होल्टेजमध्ये: लोह फॉस्फेटाशी जोडी लावली तर घट जेमतेम १.९ व्होल्टचा होतो. नॅनो रूप बाजारात सर्वांत आधी रुजले ते याच दोन पदार्थांत, याचे मला नवल वाटत नाही. दोन्ही अशा विभवावर बसतात जिथे अंग वाढले तरी इलेक्ट्रोलाइट खवळत नाही.

सिलिकॉनची गोष्ट याच्या उलट. ग्रॅफाइट एका ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास साठवते, सिलिकॉन सुमारे ३५७९. पण भरल्यावर ते फुगून जवळजवळ चौपट होते. मोठा कण एका-दोन फेऱ्यांत तडकतो. सुमारे १५० नॅनोमीटरहून लहान स्फटिकी कण न तडकता फुगू शकतात, आणि स्टॅनफर्डच्या यी त्सुई यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलेल्या सिलिकॉनच्या नॅनोतारा याच कारणाने टिकल्या. म्हणजे इथे बारीक करणे भाग आहे आणि विभव मात्र ग्रॅफाइटसारखेच खालचे. दर वेळी फुगताना पापुद्रा फाटतो, दर वेळी नवा बसतो, दर वेळी थोडे लिथियम जाते. त्याच गटाने २०१४ मध्ये डाळिंबासारखी रचना केली: प्रत्येक सिलिकॉनच्या दाण्याभोवती फुगायला मोकळी जागा, आणि अनेक दाण्यांवर मिळून कार्बनचे एक जाड साल, म्हणजे इलेक्ट्रोलाइटला भेटेल ते साल, दाणे नव्हेत. कल्पना मला मोहवते, पण इतकी कलाकुसर टनांच्या हिशोबाने करणे सोपे नाही. सध्या तरी ग्रॅफाइटमध्ये थोड्या टक्क्यांनी सिलिकॉन किंवा त्याचे ऑक्साइड मिसळण्याचा सावध मार्ग अधिक चालतो.

मेकॅनिकने मला विचारले होते, "लिथियम लगवा लो आंटीजी, दस साल की छुट्टी." त्याचे अगदीच चूक नव्हते. लोह फॉस्फेटाचे चार घट एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात आणि शिशाच्या बारा व्होल्टच्या जागी ते बसतात. वजन कितीतरी कमी, पाणी घालणे नाही, आणि अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहण्याने त्यांच्यात सल्फेट जमत नाही. पण आमचा इन्व्हर्टर जुना, त्याचा चार्जर शिशासाठी बेतलेला, आणि दोन्ही बदलायचे तर खर्च फारच वाढत होता. शेवटी, प्रबंध लोह फॉस्फेटावर लिहिलेल्या माझ्या घरात पुन्हा शिशाचीच बॅटरी आली. जुनी त्याने वजनावर नेली.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा पुण्याला जाणार आहोत. या वेळी फ्रिज रिकामा करून, गॅस बंद करून, नळ तपासून निघू. मेन स्विच आणि इन्व्हर्टर चालूच राहतील, आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली शेजारच्या काकूंकडे किल्लीबरोबर देऊन ठेवली आहे.